सतरा अक्षरांत एक चूक : चेसी नंबर, मामांची गाडी आणि तपासअंक

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचं लिखित रूप. बोलण्याच्या ओघातले शब्द बरेचसे तसेच ठेवलेत.)



आज एक काम सांगून सुरुवात करतो. घरात गाडी असेल, दुचाकी, रिक्षा, टेम्पो, काहीही, तर तिचं आरसी कार्ड हाताशी घ्या. आत्ता बसमध्ये ऐकत असाल तर घरी गेल्यावर घ्या. त्यावर एक लांबलचक नंबर असतो. चेसिस नंबर. आपल्याकडं आपण चेसी नंबर म्हणतो. सतरा अक्षरं आणि आकडे. हा नंबर तुम्ही आजवर एकदा तरी नीट वाचलाय का? मी वाचला नव्हता. मामांचा फोन येईपर्यंत.

मामा अंबाजोगाई तालुक्यातल्या एका खेडेगावात राहतात. रोज पहाटे मोटरसायकलला दोन्हीकडं किटल्या लावून शहरात दूध घालतात. वीसेक वर्षं झाली. त्यांच्याकडं २०१२ सालची एक गाडी आहे, दुसऱ्या जिल्ह्यातून सेकंडहँड घेतलेली. तिचा नंबर आपल्या अंबाजोगाईच्या एमएच ४४ चा नाही. मुलीच्या कॉलेजची फी भरायची होती म्हणून ती गाडी विकायची ठरली. गिऱ्हाईक आलं, सोबत ओळखीचा मिस्त्री घेऊन. मिस्त्रीनं हँडलखालची धूळ फडक्यानं पुसली, फ्रेमवर कोरलेल्या नंबरावर कागद ठेवला, वरून पेन्सिल घासली आणि तो कागद आरसीशेजारी धरला. एक आकडा वेगळा निघाला. फ्रेमवर १, आरसीवर ९.

मिस्त्री एवढंच म्हणाला, "मामा, गाडी चोरीची तर नाही ना?"

सौदा मोडला. ते एक वेळ ठीक, गिऱ्हाईक दुसरं मिळतं. पण गावात असा शब्द एकदा सुटला की पारावर पोचायला किती वेळ लागतो, तुम्हाला माहितीये. रात्री मामांचा फोन. "अरे, तुला ते कंप्युटरचं कळतं ना? बघ बरं. लोक मला चोर समजायला लागलेत."

आजचा भाग या एका आकड्यावर आहे. तो कसा चुकतो, कसा पकडायचा आणि चुकला तर दुरुस्त कसा करायचा.

सतरा अक्षरांत काय असतं

आधी हा नंबर समजून घेऊ. जगभर याला व्हीआयएन म्हणतात, म्हणजे वाहनाचा ओळख क्रमांक. आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ३७७९. अमेरिकेत १९८१ च्या मॉडेलपासून सतरा अक्षरांचा नंबर सक्तीचा झाला. आपल्याकडं केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ आहेत, त्यातला १२२ वा नियम गाडीवर चेसी आणि इंजिन नंबर कोरण्याबद्दलचा आहे.

या सतरा अक्षरांचे तीन तुकडे पडतात. पहिली तीन अक्षरं सांगतात गाडी कुणी बनवली. एमबीएल असेल तर हीरो. एमडी२ असेल तर बजाज. एमई४ म्हणजे होंडाची दुचाकी, एमएटी म्हणजे टाटा, एमए३ म्हणजे मारुती. पुढची सहा अक्षरं गाडीचा प्रकार सांगतात. शेवटची आठ त्या एका गाडीची स्वतःची. बऱ्याच कंपन्या दहाव्या जागी वर्ष टाकतात. २०१० ला ए, २०११ ला बी, २०१२ ला सी, असं चालत २०२४ ला आर आणि २०२५ ला एस.

आणि एक गंमत. या नंबरात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही तीन अक्षरं कधीच नसतात. कारण आय दिसतो एकसारखा आणि ओ, क्यू दिसतात शून्यासारखे. म्हणजे मानक बनवणाऱ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं की माणूस हा नंबर वाचताना चुकणार.

पण तीन अक्षरं काढली म्हणून घोळ संपला असं नाही. आठ आणि बी. पाच आणि एस. दोन आणि झेड. सहा आणि जी. शून्य आणि डी. गंजलेल्या फ्रेमवर, सकाळच्या अंधुक उजेडात, हे सगळे जुळे भाऊ दिसतात. फोनवर सांगायचं झालं तर आणखी वेगळे घोळ. बी, डी, पी, टी सगळे सारखेच ऐकू येतात. एम आणि एन तर विचारूच नका.

आणि एक घोळ आपल्या देवनागरी आकड्यांचा. मराठी १ हातानं लिहून बघा. शेपूट जरा खाली ओढलं की तो इंग्रजी नऊ दिसतो. मराठी ४ घाईत लिहिला की इंग्रजी आठ दिसतो. आपण शाळेत मराठी आकडे शिकतो, फॉर्म भरताना सवयीनं मध्येच एखादा मराठी आकडा टाकतो, आणि टाइप करणारा तो इंग्रजी समजून वाचतो. यात कुणी बेईमान नसतं. फक्त दोन लिप्यांचे आकडे एकमेकांच्या रस्त्यात येतात.

हे डोक्यात ठेवा, मामांच्या गोष्टीत परत लागणार आहे.

तुमच्या फोनमध्ये एक राखणदार आहे

आता फोनकडं या. डायलरवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबा. पंधरा आकड्यांचा आयएमईआय नंबर दिसेल. त्यातला शेवटचा, पंधरावा आकडा फोनबद्दल काहीच सांगत नाही. तो फक्त आधीच्या चौदा आकड्यांवर लक्ष ठेवायला बसवलेला आहे. चौदा आकड्यांचं ठरलेलं गणित करायचं, उत्तर पंधराव्याशी जुळलं पाहिजे. एखादा आकडा चुकीचा टाइप झाला की गणित जुळत नाही, आणि मशीन लगेच म्हणतं, परत बघा. याला तपासअंक म्हणू. तुमच्या डेबिट कार्डावर शेवटचा आकडा तसाच असतो. आधारच्या बारा आकड्यांतला शेवटचाही तसाच, फक्त त्याचं गणित आणखी कडक आहे. त्यात कुठलाही एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन आकडे अदलाबदल झाले तरी चूक सापडतेच.

मग चेसी नंबरात असा राखणदार आहे का?

अमेरिका, कॅनडा आणि चीनमध्ये आहे, सक्तीनं. नववी जागा त्याच्यासाठी राखून ठेवलेली. त्याचं गणित सांगतो, अवघड नाही. आधी अक्षरांचे आकडे करायचे. ए म्हणजे १, बी म्हणजे २, असं एच म्हणजे ८ पर्यंत. जे पासून परत १, के म्हणजे २, एल ३, एम ४, एन ५, पी ७, आर ९. मग एस २, टी ३ असं झेडच्या ९ पर्यंत. आता प्रत्येक जागेला एक वजन. पहिल्या जागेपासून ८, ७, ६, ५, ४, ३, २. आठव्या जागेला १०. नवव्याला शून्य, कारण तिथं राखणदार स्वतः बसलाय. दहाव्यापासून ९, ८, ७ असं उतरत सतराव्याला २. प्रत्येक आकड्याला त्याच्या जागेच्या वजनानं गुणायचं, सगळी बेरीज करायची, ११ नं भागायचं. बाकी उरेल ती नवव्या जागी असली पाहिजे. बाकी १० आली तर तिथं एक्स लिहितात.

एक उदाहरण करू. समजा सगळेच्या सगळे सतरा आकडे १ आहेत. मग बेरीज म्हणजे वजनांचीच बेरीज. ती येते ८९. अकरा आठे अठ्ठ्याऐंशी, बाकी १. नवव्या जागी १ आहेच. जुळलं. आता तेराव्या जागचा १ चुकून ९ टाइप झाला असं धरा. तेराव्या जागेचं वजन ६. आकडा ८ नं वाढला, म्हणजे बेरीज ४८ नं वाढली. ८९ आणि ४८, १३७. अकरा बारे १३२, बाकी ५. पण नवव्या जागी तर १ आहे. सापडली चोरी!

शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले तरी बहुतेक वेळा हे गणित पकडतं, कारण शेजारच्या जागांची वजनं वेगळी असतात. बी आणि आठचा घोळही पकडतं, कारण बी ची किंमत २ आणि आठची ८. पण याला आंधळ्या जागाही आहेत. एच ची किंमत ८ आणि आकडा आठची किंमतही ८. ए, जे आणि १ या तिघांची किंमत एकच. त्यांची अदलाबदल झाली तर गणित गप्प बसतं.

दुसरी गोष्ट. तपासअंक चूक आहे एवढं सांगतो, कुठं आहे ते सांगत नाही. मग दुरुस्ती कशी करायची? संशयित गोळा करायचे. नंबरात जिथं जिथं आठ, बी, पाच, एस, दोन, झेड असे जुळे भाऊ आहेत, तिथं एकेक बदलून गणित परत करायचं. जुळणारे पर्याय सहसा एक-दोनच उरतात. मग ते गाडीवरच्या नंबराशी ताडून बघायचे. गाडीकडं न बघता नुसत्या गणितावर भरवसा ठेवून दुरुस्ती करायची नाही, कारण गणित जुळणारा नंबर दुसऱ्या कुणाच्या गाडीचा असू शकतो.

आता आपल्याकडचं. भारतात नवव्या जागी तपासअंक ठेवायची सक्ती नाही. कंपनी तिथं स्वतःचं काहीही अक्षर ठेवू शकते. म्हणजे मामांच्या गाडीचा १ चा ९ झाला तेव्हा कुठल्याही कंप्युटरला 'थांबा, काहीतरी चुकतंय' असं म्हणायला जागाच नव्हती. नंबर सतरा अक्षरांचा होता, आय-ओ-क्यू नव्हते, शेवटचे चार आकडेच होते. सगळं ठीक दिसत होतं. चूक आत गेली आणि आरामात बसली.

दोन कागद जुळले म्हणजे खरं झालं का?

मी आधी काय केलं, तर सरकारी ॲपवर मामांच्या गाडीची माहिती काढली. तिथं ९. आरसीवर ९. विम्याच्या कागदावर ९. मला वाटलं, तीन ठिकाणी ९ आहे, म्हणजे ९ च बरोबर. मी मामांना म्हणालो सुद्धा, "मामा, चष्मा लावून बघा. मिस्त्रीचीच चूक असेल."

मामा शांतपणे म्हणाले, "आरसी वरून विमा काढला. आरसी कंप्युटरवरून छापली. तिघांनी एकाचंच ऐकलंय की रे."

शिकलेला मी आणि बरोबर बोलले मामा. तीन कागद एकमेकांशी जुळतात याचा अर्थ ते खरे आहेत असा होत नाही. त्यांनी एकाच ठिकाणाहून नक्कल केली असेल, तर चूकही तिघांकडं सारखीच येणार.

आपल्या मराठवाड्याला हा प्रश्न नवा नाही बरं का. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची. तिच्या हातानं नकला होत गेल्या, नकलेवरून नक्कल, आणि पावणेतीनशे-तीनशे वर्षांत पाठ बिघडत गेले. पैठणच्या एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पोथ्या ताडून बघून ज्ञानेश्वरी शुद्ध केली. त्यांची अडचण मोठी होती, मूळ प्रत समोर नव्हती. आपल्या अंबाजोगाईच्या दासोपंतांची पासोडी आठवा. लांबलचक कापडावर लिहिलेलं पंचीकरण. तिच्यावरून कुणी कागदावर उतरवून घेतलं आणि शंका आली, तर कापड उघडून बघता येतं.

गाडीच्या बाबतीत आपण दासोपंतांच्या बाजूला आहोत. मूळ प्रत आपल्या दारात उभी आहे. लोखंडावर कोरलेला नंबर हे मूळ, बाकी सगळ्या नकला.

मामांचं काम कसं झालं

आधी मामांनी इंजिन नंबर ताडला. तो कागदाशी तंतोतंत जुळला. म्हणजे गाडी तीच, चूक फक्त एका जागी. मग आधीच्या मालकाकडून मिळालेली जुनी फाइल काढली. पत्र्याच्या पेटीत, तळाशी. त्यात शोरूमचं छापील बिल होतं, विक्रीचं प्रमाणपत्र म्हणजे फॉर्म २१ होता, कंपनीचा फॉर्म २२ होता. तिन्हींवर १. आणि नोंदणीच्या अर्जाची, फॉर्म २० ची झेरॉक्स होती. ती हातानं भरलेली. बघतो तर काय, अख्खा नंबर इंग्रजीत आणि तेराव्या जागी झोकदार शेपटीचा मराठी १. इंग्रजी वाचणाऱ्याला शंभर टक्के नऊच दिसणार.

एका शेपटीनं एवढं रामायण.

मग अर्ज, बिल, फॉर्म २१, फॉर्म २२, ओळखपत्र हे सगळं घेऊन नोंदणी जिथं होती त्या कार्यालयात गेलो. मोटार वाहन निरीक्षकांनी गाडी बघितली, पेन्सिलचा ठसा घेतला, कागद ताडले. तीन खेपा झाल्या, दुधाचे तीन दिवस बुडाले. पण नोंद दुरुस्त झाली. नंतर विमा कंपनीकडं अर्ज देऊन पॉलिसीवरही नंबर बदलून घेतला. हे विसरू नका. आरसी दुरुस्त झाली की विमा आपोआप दुरुस्त होत नाही. आणि अपघात किंवा चोरीच्या दाव्याच्या वेळी सर्व्हेअर आधी नंबरच ताडतो.

मामांनी नवी आरसी खिशात घातली आणि पहिलं काम काय केलं असेल? त्या मिस्त्रीच्या गॅरेजवर गेले. काही बोलले नाहीत. नुसती आरसी समोर ठेवली आणि चहा सांगितला. मिस्त्रीनंच पुढं गिऱ्हाईक आणून दिलं.

आता तुमची पाळी

एक. आजच्या आज गाडीवरचा नंबर बघा. मोटरसायकलला तो बहुतेक करून हँडलखाली फ्रेमच्या मानेवर असतो. धूळ पुसा, मोबाइलचा टॉर्च तिरका धरा, म्हणजे कोरलेलं नीट उठून दिसतं. फोटो काढा. इंजिन नंबरचाही काढा.

दोन. फोटो आणि आरसी शेजारी ठेवून तुकड्यातुकड्यांनी ताडा. तीन, सहा, आठ. मग शेवटाकडून उलटं वाचा. सरळ वाचताना डोळा सवयीनं पुढं पळतो, उलटं वाचताना प्रत्येक अक्षर बघावंच लागतं. दोघं असाल तर एकानं वाचावं, दुसऱ्यानं ताडावं.

तीन. साधी तपासणी. सतरा आहेत का? आय, ओ, क्यू कुठं आलेत का? पहिली तीन अक्षरं कंपनीशी जुळतात का? हीरोच्या गाडीला एमडी२ असेल तर गडबड आहे. दहाव्या जागी वर्षाचं अक्षर असेल तर ते कागदावरच्या वर्षाशी जुळतंय का?

चार. नंबर फोनवर सांगू नका, फोटो पाठवा. सांगावाच लागला तर एम मुंबईचा, एन नागपूरचा, पी पुण्याचा, डी दिल्लीचा, असं सांगा. आणि फॉर्म भरताना सगळे आकडे एकाच लिपीत लिहा. मराठी तर मराठी, इंग्रजी तर इंग्रजी. भेसळ नको.

पाच. हे सगळ्यात महत्त्वाचं. नंबर जुळला नाही तर कागद दुरुस्त करा, लोखंडाला हात लावू नका. कुणी म्हणेल, "कशाला खेपा घालता, फ्रेमवरच पंच मारून देतो." चुकूनही नको. प्रामाणिक माणसाची साधी टायपिंगची चूक त्या एका ठोक्यानं गुन्हा होऊन बसते. आणि मूळ प्रत एकदा बिघडली की मग ताडायचं कशाशी?

सेकंडहँड गाडी घेणाऱ्यांनी तर पैसे द्यायच्या आधी हे करायचं. २०१९ च्या १ एप्रिलच्या आधीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबरप्लेट लावायची असेल तर तिथंही चेसी आणि इंजिन नंबर लागतो, तेव्हाही हीच संधी आहे. चूक आज सापडली तर तीन खेपांचं काम. रात्री नाक्यावर गाडी अडवल्यावर किंवा दवाखान्याच्या बिलासोबत सापडली तर किती खेपा, देव जाणे.

फोनच्या नंबराला राखणदार आहे, आधारला आहे, कार्डाला आहे. आपल्या गाडीच्या नंबराला असेलच असं नाही. तोवर त्याच्यावर लक्ष ठेवायचं काम आपलं. पाच मिनिटांचं आहे, करून टाका. आणि घरात मामा, काका, आजोबा यांची जुनी गाडी असेल तर तीही बघा. त्यांना जमत नसेल तर तुम्ही टॉर्च धरा.

पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत हेल्मेट घाला, सावकाश चालवा. रामराम.